तिसरी हाक

प्रांजली म्हणते, लिहून काढ, म्हणजे तुझं डोकं ताळ्यावर येईल. तसं काही होणार नाही, पण लिहितो. उद्या दुपारी स्खिपोलहून विमान आहे, बॅग भरून दाराशी ठेवलीये, आणि हे एक वाक्य सोडलं तर बायको सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. मग करायचं काय नुसतं बसून?

मी राजन. आल्मेरेत राहतो, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. माझा मोठा भाऊ अभिराम कॅनडाच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावी लाकडाच्या मिलमध्ये इंजिनियर. आमच्या घरात मासळीसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून व्हायची, आणि हा पठ्ठ्या तिकडे जाऊन धनुष्यबाणाने शिकार करायला लागला. मूसची. मूस म्हणजे हरणाच्या जातीतला सगळ्यात मोठा प्राणी, घोड्याहून उंच, शिंगं दाराएवढी रुंद. आमची ईशानी चौदा वर्षांची आहे, ती त्याला डच शब्दाने एलांट म्हणते आणि काकाला वेडा म्हणते.

दादाला हव्या त्या डोंगरात मूस मारायचा परवाना सोडतीत निघतो. तो अकरा वर्षं अर्ज भरत होता. अकरा वर्षं नकार. या वर्षी नाव लागलं, तेव्हा त्याने मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन केला आणि नुसताच ओरडला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर धनुष्य ओढणं विसरा. म्हणजे शिकार मिळाली तर याच वर्षी, नाही तर कधीच नाही.

"राज्या, तू यायचंस," दादा म्हणाला. "मी पुढे बसणार, तू मागून हाक घालणार."

मूसची शिकार अशीच असते. एकजण मादीचा आवाज काढतो, लांबलचक, हंबरल्यासारखा. नर तो ऐकून येतो. बाण मारायचा तर तो तीस पावलांवर यावा लागतो. मी तर एकदम तयार. आई गेली तेव्हा आम्ही भेटलो होतो, त्याला सहा वर्षं झाली. दादाचं लग्न मोडून त्याहून जास्त वर्षं झालेली, तो एकटाच असतो. खरं सांगायचं तर मला मूसशी काही देणंघेणं नव्हतं. मला दादा हवा होता, आठ दिवस, शेकोटीपाशी, शिव्या देत.

आणि मग माझा कॅनडाचा व्हिसा अडकला. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. वेबसाइटवर रोज तेच, अर्ज विचाराधीन आहे. विचार करतायत! कसला एवढा विचार करतायत, मी काय त्यांचा डोंगर उचलून आणणार होतो?

इथे आईबद्दल सांगायला हवं. आम्ही कोयनानगरला वाढलो, बाबा धरणावर नोकरीला. कॉलनीच्या मागे जंगल सुरू व्हायचं. आईचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. एखाद्याला हाक मारायची तर तीनदा मारायची, आणि आपल्याला हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. रानात चकवा असतो, तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. एकदा मारतो, फार तर दोनदा. त्याला तीन मोजता येत नाहीत, असं आई म्हणायची. ओ दिली की माणूस त्याच्यामागे चालत सुटतो. आम्ही हसायचो, पण सवय लागली ती लागलीच. दादा कराडला हॉस्टेलवर होता तेव्हा त्याच्या निकालाच्या दिवशी मी न सांगता एस.टी.ने गेलो आणि खिडकीखाली उभा राहून तीनदा ओरडलो, "दादा! दादा! दादा!" तिसऱ्या हाकेला तो तसाच बनियनवर धावत खाली आला. आजही जेवायला बसायच्या वेळी मी जिन्यातून "ईशानी" असं तीनदा ओरडतो आणि ती पहिल्याच वेळी वैतागून "या, या, इक कोम अल" करते. आले रे आले, असं.

व्हिसा येत नाही म्हटल्यावर डोकं लावलं ते मीच. दादाने डोंगरात आधीच एक कॅमेरा बसवला होता. एक जुनं लाकडी खोपट आहे तिथे, समोर पाणथळ, पलीकडे विलोची झुडपं आणि मग स्प्रूसचं काळं रान. खोपटाच्या छपरावर सोलर पॅनल आणि उपग्रहाची थाळी. काही हललं किंवा आवाज झाला की एका मिनिटाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर. एरवी थेटही बघता यायचं. मी म्हटलं, दादा, याला एक स्पीकर जोड. मी इथून हाक घालतो. कुठून कोण येतो ते पाहू.

"डोंगरात वर्क फ्रॉम होम!" दादा खोखो हसला. पण त्याने जोडला. एकच अट घातली. प्रत्यक्ष शिकारीला स्पीकरचा आवाज वापरणं तिथे कायद्याने चालत नाही, तेव्हा हे पाहणीपुरतंच. हंगाम उघडायच्या चार दिवस आधी तो स्पीकर काढून घरी नेणार. दादा अशा बाबतीत सरळ रेषेत चालणारा.

आमच्यात आणि तिकडे नऊ तासांचा फरक. आमचे दुपारचे चार म्हणजे त्यांचे सकाळचे सात, नुकतं उजाडलेलं. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मी रोज पावणेचारला लॅपटॉप घेऊन माळ्यावर जायचो. आल्मेरे समुद्रसपाटीच्या खाली आहे, साठ वर्षांपूर्वी इथे मासे पोहत होते. मी समुद्राच्या तळाशी बसून डोंगर धुंडाळत होतो. नकाशावर उंचीच्या रेषा बघून खिंडी शोधायच्या, पाण्याकडे उतरणाऱ्या वाटा शोधायच्या, दादाला कळवायच्या. दादा शनिवार-रविवार वर जाऊन माग बघून यायचा. आणि बरोबर चारला मी गिफ्ट गुंडाळायच्या कागदाची पुठ्ठ्याची नळी तोंडाला लावून हंबरायचो. तीनदा. मध्ये थोडं थांबून. मग वीस मिनिटं चूप.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या हानेकेबाईंनी बेल वाजवली. घरात कुणी आजारी आहे का, बाळंतपण वगैरे आहे का, असं अगदी मायेने विचारलं. मी समजावून सांगितलं. त्या "आ, झो" म्हणाल्या, असं होय अशा अर्थाने, आणि त्यानंतर मला पाहिलं की कुत्र्याला जवळ ओढून घ्यायच्या.

पण काम फत्ते होत होतं! पाचव्या दिवशी पलीकडच्या झुडपांतून एक प्रचंड नर बाहेर आला. डोक्यावर शिंगांचा एवढा पसारा, तरी एक फांदी मोडल्याचा आवाज नाही. पाणथळीच्या कडेला थांबला, थेट कॅमेऱ्याकडे बघत. दादाला रेकॉर्डिंग पाठवलं. त्याने मोजून सांगितलं, खोपटाच्या डावीकडचं स्प्रूसचं मोठं झाड आहे, तिथून हा पंचवीस पावलं. मी त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेब चार दिवस सलग आले, ऑफिसच्या वेळेला आल्यासारखे. दादा फोनवर अक्षरशः लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आलं.

मग मला सर्दी झाली. इथे सप्टेंबरात सायकलवरून भिजत स्टेशन गाठलं की होतेच. त्या सोमवारी मी दोन हाका घातल्या, मग खोकल्याची उबळ आली, नळीतच खोकलो, आणि मग तिसरी घातली. साहेब आले नाहीत. म्हटलं, खोकला ऐकून गेले असतील.

बुधवारी सकाळी मी अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्रेनमध्ये होतो. साडेआठ वाजलेले, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा. फोनवर रेकॉर्डिंग आलं. कॅमेऱ्यात अंधार, पाणथळीचा करडा पट्टा, हलत काही नव्हतं. इअरफोन कानात होतेच. लांब झाडीतून मादी मूस हंबरली. मी खूश झालो, म्हटलं, खरी मादी आली, आता नर कुठे जातात! दुसऱ्यांदा हंबरली. मग खोकला ऐकू आला. दोन ठसके आणि घसा साफ करणं. मग तिसऱ्यांदा हंबरणं.

समोर बसलेली बाई माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा लक्षात आलं की मी तोंडावर हात दाबून धरलाय.

दादाला फोन लावला. तो झोपेतून उठून म्हणाला, "प्रतिध्वनी रे. डोंगर आहे तो, तुझं आल्मेरे नाही."

"दोन दिवसांनी प्रतिध्वनी?"

"मग स्पीकरमध्ये साठून राहिलं असेल काहीतरी. तू टेस्टिंगवाला ना? शोध की."

शोधलं. मी सोळा वर्षं हेच करतो, उगाच भुतं बघणारा माणूस नाही. स्पीकरची नोंद तपासली. मी बोललो नाही त्या वेळी त्यातून एक टिचकीही वाजली नव्हती. आणि स्पीकर मायक्रोफोनच्या शेजारीच होता, वाजला तर कान फुटतील एवढा मोठा येतो. हा आवाज लांबून, रानातून येत होता. मी हाका घालणं बंद केलं.

त्याने बंद केलं नाही. गुरुवारी तो आवाज थोडा जवळून आला. शुक्रवारी आणखी. साहेब एकदाही दिसले नाहीत. साहेबच काय, एरवी कॅमेऱ्यापुढे बागडणारे कोल्हे, ससे, कावळे, कुणीच नाही. पाणथळ अगदी रिकामी. आणि रोज रात्री तिथे माझा आवाज, माझ्या खोकल्यासकट.

शनिवारी दादा वर गेला. मी लाइव्ह बघत होतो. तो स्प्रूसखाली बसायची जागा नीट करत होता, पाठ माझ्याकडे. मी स्पीकरवरून त्याला हाक मारली, जशी नेहमी मारायचो तशी. "दादा! दादा! दादा!" तो तिसऱ्या हाकेला वळला, हात हलवला. मी म्हटलं, इकडे तिकडे बघ, कुणी माणूस राहतो का तिथे, माग दिसतोय का. तो दोन तास फिरला. परत येऊन कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "माझ्याच बुटांचे ठसे आहेत. तू जरा झोपत जा."

रविवारी दादा खाली उतरून गेला. सोमवारी, आमच्या सकाळी, नवीन रेकॉर्डिंग आलं. या वेळी आवाज हंबरल्याचा नव्हता. स्प्रूसच्या मागून, अगदी नीट, घरातल्या घरात मारावी तशी हाक आली. "दादा!" मग थोडं थांबून पुन्हा, "दादा!" आणि मग काही नाही.

मी प्रांजलीला ऐकवलं. ती सायन्सवाली, युट्रेख्टला लॅबमध्ये आहे, तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हा तूच आहेस. पण तू असं कधी बोलत नाहीस." मी विचारलं, असं म्हणजे कसं? "तू श्वास घेतोस मध्ये," ती म्हणाली.

दादाशी त्या दिवशी जे भांडण झालं तसं आयुष्यात झालं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, अकरा वर्षं, राज्या. मी म्हटलं, खड्ड्यात गेली अकरा वर्षं. तो म्हणाला, तुला इथे यायला जमलं नाही म्हणून माझंही मोडतोयस का? हे मात्र फार लागलं मला. मी फोन आपटला. दहा मिनिटांनी मीच पुन्हा लावला, तर तो रडवेल्या आवाजात "सॉरी रे" म्हणाला. मीही म्हणालो.

मग मी त्याच्याकडून एक वचन घेतलं. "आईचा नियम. रानात कुणीही हाक मारू दे, माझ्या आवाजात मारू दे, आईच्या मारू दे, तिसरी येईपर्यंत जागचं हलायचं नाही आणि ओ द्यायची नाही. ते दोनच मारतं. तू ऐकलंयस रेकॉर्डिंग."

"बरं बाबा. तीन. आईची शपथ."

"आणि स्पीकर उद्याच काढ."

मंगळवारी कामावरून सुटल्यावर तो खास तेवढ्यासाठी वर गेला. त्याने चार स्क्रू काढले, स्पीकर कॅमेऱ्यापुढे धरून मला दाखवला, पिशवीत टाकला. आता मला तिथलं ऐकू आणि दिसू शकणार होतं, पण माझा आवाज तिथे पोचणार नव्हता. मला तेच बरं वाटलं, इतका मी शहाणा. दादाकडे उपग्रहाचा मेसेज पाठवायचं छोटं यंत्र होतं, काही लागलं तर त्यावर लिहायचं ठरलं. दाट झाडीत मेसेज पोचायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास.

पुढचे तीन दिवस एकही रेकॉर्डिंग आलं नाही. ना हंबरणं, ना हाक. मला वाटलं, संपलं.

शनिवारी हंगाम उघडला. मी साडेतीनपासूनच माळ्यावर. बाहेर लख्ख ऊन, हानेकेबाई हिरवळ कापतायत, खाली कुकर होतोय. ईशानीही माझ्या शेजारी येऊन बसली, काकाची शिकार बघायला. तिकडे उजाडत होतं. पाणथळीवर धुकं. दादा स्प्रूसखाली बसलेला, मांडीवर धनुष्य, नीट बघितलं तरच माणूस वाटावा असा. चार वाजून दहा मिनिटांनी विलोची झुडपं हलली आणि साहेब बाहेर आले.

मी ईशानीचा हात घट्ट धरला. दादा तसूभरही हलला नाही. साहेब एक एक पाऊल टाकत येत होते. चाळीस पावलं. पस्तीस. दादाने अगदी हळू धनुष्य उचललं.

तेवढ्यात साहेबांनी मान वळवली, दादाच्या मागच्या रानाकडे बघितलं आणि एवढं मोठं धूड गर्रकन वळून पाणी उडवत पळालं.

"दादा!"

दादाचं धनुष्य खाली आलं. ईशानीने माझ्याकडे वळून बघितलं. "पापा, दॅट्स यू," ती म्हणाली. माझं तोंड बंद होतं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

दादाने मागे बघितलं नाही. त्याने कॅमेऱ्याकडे तोंड केलं, मला डोळा मारला आणि एक बोट वर केलं. एक. बघ, नियम पाळतोय.

"दादा!"

त्याने दुसरं बोट वर केलं. चेहऱ्यावर हसू होतं. मीही श्वास सोडला. दोन झाल्या, आता काही येणार नाही.

आणि तेव्हा मला कळलं. त्या सेकंदाला, आधी नाही. गधडा मी! मूससाठी रोज तीन हाका कोण घालत होतं? खोकला आला तरी तिसरी चुकवली नाही. दादाला हाक मारताना तीनदा कोण मारत होतं, भोंगा लावून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी? आईने सांगितलं होतं की त्याला तीन मोजता येत नाहीत. मीच इतके दिवस शिकवणी घेतली त्याची.

"दादा!"

दादाचं तिसरं बोट अर्धवट वर आलं आणि तिथेच थांबलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आनंद. कराडच्या हॉस्टेलच्या जिन्यावरून बनियनवर धावत येताना होता तो, तस्साच.

मी ओरडत सुटलो. "दादा नको! मी इथे आहे! ओ देऊ नकोस!" माळा दणाणला, हानेकेबाईंचं यंत्र बंद पडलं, प्रांजली धावत वर आली. पण स्पीकर दादाच्या घरी पिशवीत पडला होता. मेसेज टाइप केला, "तो मी नाही." पाठवला. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं.

"ओ रेऽऽ! आलो!" दादा ओरडला. त्याने धनुष्य फांदीला नीट अडकवलं, घाई नाही काही, आणि स्प्रूसच्या मागे गेला. त्याचं जाकीट दोनदा झाडीत दिसलं. मग नुसतं धुकं.

अकरा मिनिटांनी माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला. कधी लिहिला, चालता चालता लिहिला असेल. "तिन्ही मोजल्या! व्हिसा आला आणि सांगितलं नाहीस, चोरा. थांब तिथेच, येतोय." माझा मेसेज त्याला आजपर्यंत पोचलेला नाही.

तिथल्या पोलिसांना कळवलं. शोधपथक, कुत्री, हेलिकॉप्टर, बारा दिवस सगळं केलं त्यांनी. त्यांच्या प्रमुखाने फोनवर मला शांतपणे सांगितलं की पावलांचे ठसे फक्त दादाचेच आहेत, सरळ रेषेत, धावल्याचे नाहीत, झटापट नाही, रक्त नाही, आणि नदीच्या गोट्यांवर ते संपतात. मी त्याला हाकांचं सांगितलं. तो म्हणाला, माणसं दुःखात ऐकतात असं. मी रेकॉर्डिंग पाठवलं. ते ऐकून तो फक्त, कॅमेरा आम्ही काढत नाही, राहू दे, म्हणाला. पथक खाली उतरलं.

ते उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला, रेकॉर्डिंग आलं. पाणथळ, धुकं, स्प्रूस. आणि दादाचा आवाज.

"राज्या!" थोडं थांबून, "राज्या!"

बस, दोनच. मी लॅपटॉपला कवटाळून रडलो. प्रांजलीनेही ऐकलं. ती आधी म्हणाली, जिवंत आहेत, पोलिसांना सांग. पोलिसांनी दोन माणसं पाठवली. ती खोपटापाशी दिवसभर हाका मारत बसली, तेव्हा काही नाही. ती गेली, आणि पुन्हा चारला, "राज्या! राज्या!" रोज दोन. प्रांजलीने दुसऱ्यांदा ऐकायला नकार दिला. "मध्ये श्वास घेत नाहीत ते," एवढंच म्हणाली. मी काही ओ दिली नाही. तेवढं भान होतं मला. माळ्यावर जायचो, ऐकायचो, ओठ चावून बसायचो, खाली यायचो. सात दिवस.

परवा व्हिसा आला. चार महिने विचार केला आणि आता दिला. सहा महिन्यांचा.

काल चारला माळ्यावर गेलो. पहिली हाक आली. दुसरी आली. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, आणि तिसरी आली.

प्रांजलीने जिन्याच्या खालूनच माझा चेहरा बघून ओळखलं. "तीन मोजायला तूच शिकवलंस ना त्याला?" ती म्हणाली. ओरडली नाही, तेच जास्त वाईट. "मग कळत नाही का तुला?" ईशानी दारात उभी होती. ती तर चक्क मराठीत बोलली. "पापा, नको जाऊ."

कळतं ना. मी काय मूर्ख आहे? मला सगळं कळतं. मी काल रात्री ती तिसरी हाक कितीतरी वेळा ऐकली, आवाजाच्या लहरी मोजल्या, श्वास शोधले, सोळा वर्षांचं सगळं शहाणपण लावलं. दादाची आहे की नाही, काही सांगता येत नाही.

पण तो नदीपलीकडे कुठे पाय मोडून पडला असेल, आणि आईची शपथ घेतलेला माझा भाऊ मला हाक मारत असेल, तर तोही तीनदाच मारेल ना.